उडीच्या आधीचं बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. फुटबॉलमधल्या गाजलेल्या बचावांची तुझी यादी मिळाली. निवड चांगली आहे, पण जवळजवळ प्रत्येक नावापुढे तुझा शेरा एकच आहे: ‘काय उडी मारली!’ उडी सगळ्यांनाच दिसते. तू स्वतः गोलकीपर आहेस, त्यामुळे उडीच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे तुला दिसलं पाहिजे. खरं काम तिथे असतं.

इंग्लंडचा गोलकीपर गॉर्डन बँक्स, त्याच्यापासूनच सुरू करू. 7 जून 1970, मेक्सिकोतलं ग्वादालाहारा, वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड विरुद्ध ब्राझील. ब्राझीलचा जाइर्झिन्यो उजव्या बगलेतून पार गोलरेषेपर्यंत आला. इथे क्लिप थांबव. बँक्स कुठे आहे? जवळच्या पोस्टकडे. तिथेच असायला हवा, कारण त्या बाजूनेही फटका येऊ शकतो. आता क्लिप हळू पुढे ने. क्रॉस दूरच्या पोस्टकडे गेला, पेले सगळ्यांच्या वर उठला आणि त्याने डोक्याने चेंडू खाली, कोपऱ्याच्या बुडाशी हाणला.

बहुतेक लोक इथून पुढचं बघतात. बँक्सचे पाय मात्र क्रॉस हवेत असतानाच हलले होते. उडीच्या आधीच त्याने बरंच अंतर पायांनी कापलं होतं, उरलेलं तेवढं उडीने भरून काढलं. गोल 7.32 मीटर रुंद असतो. एका पोस्टपासून दुसऱ्या पोस्टपर्यंत नुसत्या उडीने कुणीच पोचत नाही.

यातला मला सर्वांत आवडणारा बारकावा वेगळाच आहे. चेंडू आधी जमिनीवर आपटला आणि मग उसळला. मैदान कडक होतं. बँक्सने हात जमिनीलगत सरळ फिरवला असता, तर चेंडू त्याच्या हातावरून जाळ्यात गेला असता. टप्पा पडल्यावर चेंडू जिथे येणार, तिथे त्याने उजवा हात नेला आणि तो बारवरून वर उचलून दिला. एवढ्या घाईत त्याने उसळीचा अंदाज बांधला, याचं मला आजही नवल वाटतं.

तू पुढे लिहिलं आहेस, ‘पण सामना हरले.’ हो, जाइर्झिन्योच्या गोलमुळे इंग्लंड 0-1 ने हरलं. तरी तो ‘पण’ खोड. 20 ऑगस्ट 2023 ला सिडनीतल्या महिला वर्ल्ड कप फायनलमध्ये इंग्लंडच्या मेरी अर्प्सने स्पेनच्या हेर्मोसोची पेनल्टी अडवली आणि चेंडू हातात धरून ठेवला. तो सामनाही इंग्लंड 0-1 ने हरलं. पेनल्टी 11 मीटरवरून असते. ताशी 100 किलोमीटरचा फटका ते अंतर साधारण 0.4 सेकंदात कापतो. तेवढ्यात चेंडू धरला, हे तिचं काम. समोर आपल्या संघाने गोल केला की नाही, याचा हिशेब तिच्या नावावर कशाला मांडायचा?

धरण्यावरून आठवलं, इटलीच्या डिनो झॉफचा बचाव तू यादीत घेतलेलाच नाहीस. 5 जुलै 1982, बार्सिलोना, वर्ल्ड कपमध्ये इटली ब्राझीलविरुद्ध 3-2 ने पुढे, सामना संपत आलेला. पुढच्या फेरीसाठी ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. ऑस्करच्या हेडरवर झॉफ झेपावला आणि चेंडू रेषेवरच दाबून धरला. वय 40! फोटोत हे फारसं देखणं दिसत नाही. पण चेंडू हातातून निसटला असता, तर समोर रिबाउंडवर टपलेले ब्राझीलचे खेळाडू होते. पुढे त्याच इटलीने कप जिंकला. यादीत झॉफला वर घे.

आणि जेव्हा चेंडू धरता येत नाही? तेव्हा लिव्हरपूलचा जर्झी डुडेक बघ. 25 मे 2005, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल आणि मिलान 3-3, जादा वेळ. मिलानच्या शेवचेन्कोचा हेडर त्याने अडवला, पण चेंडू परत शेवचेन्कोच्याच पायाशी गेला. अगदी गोलच्या तोंडावरून आलेला दुसरा फटकाही डुडेकच्या हाताला लागून बारवरून गेला. पहिल्या बचावानंतर तो पडून राहिला नाही, म्हणूनच दुसरा झाला. सरावात तू एक फटका अडवलास की माझ्याकडे बघतेस. माझ्याकडे बघू नकोस, चेंडूकडे बघ.

अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस, ते आवडलं. 18 डिसेंबर 2022, लुसैल, फ्रान्सविरुद्ध वर्ल्ड कपची फायनल, पुन्हा 3-3, जादा वेळही संपत आलेली. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर. अशा वेळी आपल्याला खाली पडण्याची भयंकर घाई होते, आणि स्ट्रायकर त्याचीच वाट बघत असतो. मार्टिनेझ पुढे आला, अंग पसरलं, डावा पाय बाहेर टाकला, आणि चेंडू त्या पायावर आदळला. थांबून राहणं हे आपल्या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे. तुला ते अजून जमलेलं नाही, पण जमेल, कारण तू घाबरत नाहीस. त्याच्या शेजारी 2010 च्या वर्ल्ड कप फायनलमधला स्पेनचा कासियास ठेवून बघ. नेदरलँड्सच्या रॉबेनसमोर तो एका बाजूला गेला होता, तरी पसरलेल्या पायाने वाचवलं.

कोलंबियाचा गोलकीपर इगिटा, त्याची 1995 ची वेम्बलीवरची ‘स्कॉर्पियन किक’ (पुढे झेपावून, पाय पाठीमागून वर नेऊन टाचांनी चेंडू परतवणं) मनसोक्त बघ, मलाही आवडते. सरावात मात्र करायची नाही.

आता काम. 2006 च्या बर्लिनच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जादा वेळेत फ्रान्सच्या झिदानने मारलेला हेडर इटलीच्या बुफोनने बारवरून काढला, ती क्लिप आवाज बंद करून बघ. सान्योलचा क्रॉस निघाला तेव्हा बुफोन रेषेपासून किती पुढे होता, हेडरच्या क्षणी त्याचे पाय स्थिर होते का, आणि कोणत्या पायावर जोर देऊन तो उठला, एवढंच लिहून रविवारच्या सरावाला घेऊन ये. उडीबद्दल एक शब्दही नको.

तुझा
सर