दहा वर्षांच्या मुलाची क्रिकेट अकादमीच्या संघात निवड झाली नाही. आता तो खेळायलाच नको म्हणतो, मोबाइल घेऊन बसतो. दुसरी अकादमी बघू का?

नका बघू. इतक्यात तरी नाही. दहाव्या वर्षी कसली आलीय निवड? त्या वयात जानेवारीत जन्मलेलं मूल त्याच वर्षीच्या डिसेंबरवाल्यापेक्षा सहसा थोडं उंच असतं, आणि प्रशिक्षकांना तेच गुणवान वाटतं.

माझी मुलगी सहावीत असताना शाळेत खो-खो खेळायची. जून-जुलैत मैदान मुलींनी भरलेलं असायचं. तालुका स्पर्धा जवळ आली तशी सरांनी यादी लावली आणि बाकीच्यांना सांगितलं, सरावात गर्दी करू नका. या मुली काही दिवस फक्कीच्या रेषेबाहेर दप्तरं मांडीवर घेऊन बसल्या. नंतर तेही बंद झालं. संघ पहिल्याच फेरीत बाद झाला आणि मग वर्षभर ते मैदान रिकामं! दोन खांब तेवढे उभे. हिने बूट माळ्यावर टाकायला लावले.

माझे धाकटे दीर जेवताना म्हणाले, "वहिनी, चाळण लागतेच. त्याशिवाय खेळाडू घडत नाहीत." मी विचारलं, चाळणीतून खाली पडलेल्यांचं काय करायचं? तर म्हणे त्यांनी अभ्यास करावा.

अभ्यास करावा! जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा अभ्यास सांगतो की जगातल्या 11 ते 17 वयाच्या 81 टक्के मुलांची रोजची तासाभराची हालचालसुद्धा होत नाही. मुलींमध्ये तर हे प्रमाण 85 टक्के आहे. म्हणजे खाली पडणारेच जास्त, आणि आपला सगळा क्रीडाविभाग, चषक, फोटो वर राहिलेल्यांसाठी.

मी मग इमारतीखाली संध्याकाळी पोरं गोळा करायला लागले. साधी साखळीची पकडापकडी. ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्याला. आउट झालेलं पोर कठड्यावर जाऊन बसत नाही, साखळीत येऊन आणखी पळतं. यात खरी मेख आहे. आपल्या बहुतेक खेळांत जो लवकर बाद होतो तो सगळ्यात जास्त वेळ बसतो, आणि पळायची गरज त्यालाच सगळ्यात जास्त. लगोरीतही आम्ही तोच नियम केला: चेंडू लागला की बाहेर नाही, समोरच्या संघात जायचं. शेवटी कोण जिंकलं यावर भांडणं होतात, होऊ देत. माझी मुलगी पहिले काही दिवस वरून खिडकीतून बघायची. एकदा साखळीला माणूस कमी पडला म्हणून खालून हाका मारल्या, तेव्हा चपला घालूनच आली.

दिरांना मी नॉर्वेचं उदाहरण दिलं होतं. तिथे मुलांच्या खेळाचे नियमच ठरलेले आहेत, 1987 पासून. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या गुणतालिका लावत नाहीत, तेरा वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. त्याच पंचावन्न लाखांच्या देशाने 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये 16 सुवर्णपदकं घेतली, तोवर एका हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कुणालाच तेवढी मिळाली नव्हती. दीर म्हणाले, तिकडे बर्फ आहे. बर्फ इतर देशांतही आहे, भाऊजी.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर निवडीचा विषय घरात काढू नका. शेजारची चार पोरं जमवा, पहिले काही दिवस तुम्ही स्वतः राज्य घ्या. सोसायटीत "खेळण्यास मनाई" अशी पाटी असेल तर सर्वसाधारण सभेत उभं राहून भांडा, मी भांडलेय.

आणि हो, त्याला स्वतःलाच क्रिकेटचं वेड असेल, अकादमीला जायचंय म्हणून तो मागे लागला असेल, तर अवश्य घाला. फक्त फी भरण्याआधी एक दिवस कडेला उभं राहून बघा, फलंदाजीची रांग किती लांब आहे आणि त्या तासात पोरगं पळतं किती.