वाचक विचारतात: पदक नसलं तरी बघायचं काय?

ऑलिंपिकमध्ये तुम्हाला काय बघायला आवडतं आणि काय अजिबात कळत नाही ते पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. भरपूर आलं. नीरज चोप्रावरचे प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवलेत, त्याच्यावर सगळेच लिहितात. राहिलेल्यातले हे काही.

प्रश्न: स्वप्नील कुसाळेची पॅरिसची नेमबाजीची फायनल आम्ही दुकानात मोबाईल लावून बघितली. ब्राँझ आलं तेव्हा ओरडलो पण! पण खरं सांगू का, मधे नक्की काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. माणसं उभी, आकडे बदलतायत, एवढंच. हा खेळ बघायचा कसा? (एक दुकानदार, इचलकरंजी)

उत्तर: दादा, तुम्ही एकटे नाही, 1 ऑगस्ट 2024 ला दुपारी अख्खा कोल्हापूर जिल्हा असाच आकड्यांकडे बघत बसला होता. दोन-तीन गोष्टी कळल्या की मात्र हा खेळ जाम टेन्शन देतो.

फायनलला आठ जण. आधी गुडघ्यावर बसून 15 शॉट, मग पोटावर झोपून 15, मग उभं राहून. टार्गेट 50 मीटरवर आणि त्यातलं दहाचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. फायनलमध्ये पॉइंट दशांशात मोजतात, जास्तीत जास्त 10.9, त्यामुळे 10.0 आला तर आपण घरी टाळ्या वाजवतो पण तिकडे तो तसा किरकोळच शॉट असतो आणि एखादा 9 आला की नंबर धाडकन खाली. बसून आणि झोपून मारताना रायफलचा पट्टा दंडाला आवळून आधार घेता येतो, उभ्याने मारताना तो लावायचा नाही, आणि रायफल आठ किलोपर्यंत असू शकते. म्हणजे खरी उलथापालथ शेवटी होते. स्वप्नील नीलिंगनंतर (गुडघ्यावर बसून) सहावा होता, प्रोननंतर (झोपून) पाचवा, आणि उभं राहिल्यावर वर आला. बरेच जण तिथेच घसरतात.

एकूण 40 शॉट झाले की खालचे दोघं बाहेर, त्यानंतर प्रत्येक शॉटला एक जण घरी. तो 44 शॉट मारून 451.4 वर थांबला, तिसरा. पुढच्या वेळी बघाल तेव्हा ट्रिगरवरच्या बोटाकडे बघू नका, नेम धरल्यावर कोण रायफल परत खाली घेतो ते बघा. घड्याळ चालू आहे, बाजूचे मारून मोकळे झालेत, लोक ओरडतायत, आणि हा म्हणतो की जमत नाहीये, पुन्हा पहिल्यापासून. मला तर त्या क्षणी घाम फुटतो, त्याला फुटत नसावा. (तो खिशात हात घालून पिस्तूल चालवणारा तुर्कस्तानचा युसूफ डिकेच सगळ्यांच्या स्टेटसला होता, पण त्याला मिक्स्ड टीमचं सिल्व्हर मिळालं आणि शेजारी शेव्वाल इलायदा तरहान नावाची पार्टनर होती हे कुणी सांगितलंच नाही.)

प्रश्न: ओपनिंग सेरेमनीसाठी जागावं का? घरात दरवेळी भांडण होतं. (गृहिणी, ठाणे)

उत्तर: माझं मत, नाही. पॅरिसने स्टेडियम सोडून सीन नदीत बोटी सोडल्या, आयडिया एकदम भारी, पण पाऊस असा लागला की बोटींवर रेनकोटच जास्त दिसत होते आणि लहान देशाचे तीन-चार खेळाडू नीट दिसायच्या आत बोट पुढे गेलेली असायची. सिंधू आणि शरत कमल झेंडा घेऊन होते ते बघितलं की झोपायला हरकत नव्हती. शेवटी गाणाऱ्या सेलिन डिऑनसाठी जागलेले लोक मला यावरून बोलणार, माहिती आहे.

प्रश्न: अविनाश साबळे पॅरिसला 11वा आला आणि तरी सगळीकडे 'इतिहास' वगैरे. 11व्या नंबरचं एवढं कौतुक कशासाठी? आपण फारच लवकर खूश होतो असं नाही वाटत? (कॉलेजचा विद्यार्थी, अहिल्यानगर)

उत्तर: वाटतं कधी कधी, पण इथे नाही. तू ती रेस पूर्ण बघितली का, ते आधी सांग. रात्री एक वाजून गेलेला आपल्याकडे, त्यामुळे नसेल बघितली तर तुझी चूक नाही.

3000 मीटर स्टीपलचेस हा माझा सगळ्यात आवडता खेळ आहे, आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पार्शल आहे. यात 28 वेळा अडथळा आणि सात वेळा पाणी. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर हर्डल पडतं, इथला अडथळा म्हणजे जाडजूड लाकडी ओंडका, तो पडत नाही, तुम्हीच पडता. पाण्याच्या खड्ड्याची गंमत अशी की तो अडथळ्याच्या पायाशी खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो, म्हणजे ज्याची उडी लांब त्याचे पाय कमी भिजतात आणि जो दमलाय तो बरोबर खोल पाण्यात उतरतो. कोण संपत आलाय हे कॉमेंट्री बंद करून पण कळतं, फक्त पाण्याकडे बघायचं. पहिल्या फेरीत सगळे एक पाय ओंडक्यावर देऊन ऐटीत पलीकडे जातात, सहाव्या-सातव्या वेळी त्यातलेच काही धप्पकन पडल्यासारखे उतरतात.

आता कौतुकाचं. हा खेळ म्हणजे केनियाची खाजगी मालमत्ता होती. 1968 पासून 2016 पर्यंत केनिया ज्या ज्या ऑलिंपिकला गेला त्या प्रत्येक वेळी पुरुषांचं गोल्ड त्यांचंच, 1976 आणि 1980 ला ते गेलेच नाहीत म्हणून दुसऱ्यांना मिळालं. टोकियोत मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीने ते मोडलं. त्याच टोकियोत अविनाशने 8:18.12 असा नॅशनल रेकॉर्ड केला आणि तरी तो फायनलला पोचला नाही. रेकॉर्ड करून बाहेर, विचार कर! 2022 च्या कॉमनवेल्थला त्याचं गोल्ड 0.05 सेकंदाने गेलं, पण 1998 पासून तिथली तिन्ही पदकं केनियावालेच वाटून घेत होते, त्यांच्या मधे हा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा फौजी घुसला. आणि पॅरिसला हीटमध्ये, म्हणजे पात्रता शर्यतीत, पाचवा येऊन फायनल, जे या शर्यतीत भारताच्या कुठल्याच पुरुषाला जमलं नव्हतं. 'पुरुषाला' असं मी मुद्दाम म्हटलं, कारण बाईला जमलं होतं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर 2016 ला रिओत फायनलला पळून दहावी आली होती, तिच्या वेळी 'इतिहास' जरा कमीच झाला असं माझं मत आहे.

पॅरिसची फायनल मात्र पदकासाठी नाही तर शेवटच्या फेरीसाठी बघ. अमेरिकेचा केनेथ रूक्स, ज्याचं नाव कुणाच्या लिस्टमध्ये नव्हतं, तो मागच्या घोळक्यातून सुसाट सगळ्यांच्या पुढे. वर्ल्ड रेकॉर्डवाला इथिओपियाचा लमेचा गिरमा अडथळ्याला अडकून असा पडला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. आणि एल बक्काली शेवटच्या सरळ पट्ट्यात रूक्सला गाठून 8:06.05 मध्ये पुन्हा गोल्ड. अविनाशने 8:14.18 घेतले. महिन्याभरापूर्वी पॅरिसलाच त्याने 8:09.91 लावलं होतं, तेव्हा निराशा झाली हे खरंच आहे, ती तू व्यक्त कर, पण 11वा म्हणजे कोणीच नाही असं म्हणू नकोस.

प्रश्न: आम्ही कराडकर, खाशाबांच्या गोळेश्वरच्या शेजारचे. गावच्या मैदानात हरला तो हरला. ऑलिंपिकला हरलेला पैलवान परत येऊन ब्राँझ घेऊन जातो, हे काय पटत नाही. (तालमीत जाणारे काका, कराड)

उत्तर: काका, ते रेपेचाज. तुम्हाला ज्याने हरवलं तो फायनलला गेला तर तुम्हाला परत संधी मिळते. मागचा विचार असा की पहिल्याच फेरीत सगळ्यात भारी माणसाशी गाठ पडली तर ते ड्रॉचं नशीब, त्यात तुमचा काय दोष. सुशीलकुमारचं 2008 चं ब्राँझ आणि साक्षी मलिकचं 2016 चं, दोन्ही याच वाटेने आली. म्हणून आपला पैलवान हरला की टीव्ही बंद करू नका, ज्याने हरवलं त्यालाच जोर लावून पाठिंबा द्या. हे जरा विचित्र वाटतं, जीभ अडखळते, पण करायचं.

पॅरिसला विनेश फोगाटच्या वेळी याचंच उलटं टोक दिसलं. पहिल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीला 3-2 ने हरवलं, जी परदेशी पैलवानाकडून कधी हरलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनात 100 ग्रॅम जास्त भरले आणि नियमाप्रमाणे थेट शेवटचा नंबर. सेमीफायनलला तिच्याकडून हरलेली क्यूबाची गुझमान फायनलला गेली, सुसाकी ब्राँझ घेऊन गेली. नियम आधीपासून लिहिलेला होता, मान्य आहे, क्रीडा लवादानेही अपील फेटाळलं. पण फायनल खेळू देऊ नका, ठीक आहे, आदल्या दिवशी योग्य वजनात जिंकलेल्या कुस्त्या पण पुसून टाकायच्या हे मला आजही पटत नाही. खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेतलं तेव्हा पद्धतच वेगळी होती, त्यावर कधीतरी वेगळं लिहावं लागेल.

प्रश्न: माझ्या मुलीला भिंतीवर पळत चढतात तो खेळ फार आवडतो. मला त्यात खेळ काय ते समजत नाही, पाच सेकंदात संपतं! (आयटीवाले बाबा, पुणे)

उत्तर: याला स्पीड क्लाइंबिंग म्हणतात, आणि पाच पण नाही हो, पॅरिसला अमेरिकेच्या सॅम वॉटसनने 15 मीटरची भिंत 4.74 सेकंदात चढली, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड, आणि त्याला ब्राँझ मिळालं! कारण हे दोघादोघांचे सामने असतात, सेमीफायनलला एक पाय घसरला की रेकॉर्ड खिशात ठेवून बसा. गोल्ड इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोला, बॅडमिंटन सोडून त्या देशाचं ते पहिलं गोल्ड. जगभर भिंतीवरच्या पकडी अगदी त्याच जागी असतात, त्यामुळे खेळाडू तेच चढणं वर्षानुवर्षं घोटतात. पुण्यातल्या सुळके चढणाऱ्या मंडळींना विचाराल तर ते नाक मुरडतील आणि बोल्डरिंग बघा म्हणतील, तिथे भिंत आधी बघायलाच मिळत नाही, समोर उभं राहून कोडं सोडवायचं. मुलीला स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट दाखवा, टोकियोला स्पीड, बोल्डर आणि लीड (दोर लावून जमेल तितकं उंच चढायचं) मिळून एकच गोल्ड होतं ते तिचं, आणि पॅरिसला बोल्डर-लीडचं पण तिचंच.

प्रश्न: दत्तू भोकनळमुळे आमच्याकडे लोकांना रोइंग हा शब्द कळला. पण बघायला बोअर होतं, कॅमेरा लांबून आणि सगळे सारखेच. (शिक्षिका, चांदवड)

उत्तर: एकच गोष्ट लक्षात ठेवा ताई, रोवर पाठमोरे वल्हवतात. म्हणजे जो पुढे आहे त्याला मागचे सगळे दिसत असतात आणि जो मागे पडलाय त्याच्यासमोर नुसतं पाणी. त्यामुळे पहिल्या 500 मीटरला सगळे जीव तोडून पुढे घुसतात. तुमच्या तळेगाव रोहीचा दत्तू रिओला सिंगल स्कल्समध्ये (बोटीत एकटाच, दोन वल्ही) 13वा आला. त्याच स्पर्धेची फायनल शोधून बघाच, 2000 मीटर वल्हवून न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन दोघांचीही वेळ 6:41.34 आली आणि फोटो बघून ड्रायस्डेलला गोल्ड दिलं.

प्रश्न: 2028 ला लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक रात्री जागून बघावं लागणार का? आणि क्रिकेट आलंय तर बाकीचं कोण बघणार? (निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव)

उत्तर: जागायला नको, लवकर उठायला लागेल. ते आपल्या साडेबारा तास मागे आहेत, म्हणजे तिकडच्या संध्याकाळच्या सहाच्या फायनल आपल्याकडे सकाळी साडेसहाला, चहाबरोबर. 14 जुलैला सुरू, आणि यावेळी क्रम उलटा, ॲथलेटिक्स पहिल्या आठवड्यात आणि स्विमिंग नंतर.

क्रिकेटचं म्हणाल तर टी-20, पुरुषांचे सहा संघ आणि बायकांचे सहा. याआधी 1900 ला पॅरिसला एकदाच झालं होतं, एकच मॅच, ब्रिटन विरुद्ध फ्रान्स, प्रत्येकी बारा खेळाडू, त्यामुळे परंपरा वगैरे काही नाही. बघू आपण, पण वर्ल्ड कप असताना हे बघून वेगळं काय वाटणार ते मला अजून समजलेलं नाही.

मी वाट बघतेय ती तिरंदाजीची. ऑलिंपिकला आतापर्यंत फक्त रिकर्व्ह धनुष्य चालायचं, 2028 ला पहिल्यांदा कंपाउंडची मिक्स्ड टीम आहे, ते चाकं लावलेलं धनुष्य. आणि यात आपण खरोखर भारी आहोत. 2023 ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलमध्ये 150 पैकी 150 मारले आणि साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, दोघंही एकाच स्पर्धेत. शिवाय ज्योती सुरेखा वेन्नम आहेच, ओजस आणि तिने आशियाई स्पर्धेत मिक्स्डचं गोल्ड पण घेतलंय. अडचण एवढीच की मिक्स्ड टीम म्हणजे देशाचा एक पुरुष आणि एक बाई, जागा दोनच, त्यामुळे ऑलिंपिकपेक्षा आपली निवड चाचणीच जास्त जीवघेणी होणार आहे आणि ती टीव्हीवर कुणी दाखवेल असं मला वाटत नाही.