ट्रॅव्हल बग उचलण्याआधी

जिओकॅशच्या डब्यात, म्हणजे जीपीएसने शोधायच्या खेळासाठी लपवलेल्या डब्यात, क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला दिसला, तर तो ट्रॅव्हल बग, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करणारी वस्तू. ही अदलाबदलीची वस्तू नव्हे. बदल्यात काही ठेवायला नको, पण पुढे पोचवायची जबाबदारी तुझी. आधी त्या क्रमांकावरून जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर त्याचं पान उघडून मालकाची इच्छा वाच. कुणाला तो समुद्रकिनारे फिरवायचा असतो, कुणाला ठरलेल्या गावी पोचवायचा असतो. तू उलट दिशेला निघाला असशील तर राहू दे तिथेच. उचललास तर लगेच नोंद कर आणि दोनेक आठवड्यांत दुसऱ्या डब्यात सोड. उशीर होणार असेल तर मालकाला कळव. बिल्ल्यावरचा क्रमांक मात्र फोटोत अजिबात दिसू देऊ नकोस! तो म्हणजे वस्तू हाती आल्याचा पुरावा. उघडा पडला की घरबसल्या कुणीही खोटी नोंद करू शकतो. सोडताना कोरडा, घट्ट झाकणाचा डबा निवड.