सासऱ्यांच्या मैफलीत झोप येते

प्रश्न : काका, मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत तपासणीला आहे. दिवसभर कास्टिंगवर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचा, हे काम. लहानपणापासून जोतिबाच्या चैत्री यात्रेत सासनकाठीपुढची हलगी ऐकत वाढलो. हलगी-घुमकं-कैताळ सुरू झालं की अजून पाय थांबत नाहीत. गेल्या वर्षी लग्न झालं. सासरे देवल क्लबचे, म्हणजे इथल्या संगीतसंस्थेचे, जुने श्रोते, मला शास्त्रीय गाण्याला घेऊन जातात. मला तिथं झोप लागते. मागच्या वेळी घोरलो म्हणे. बायको चिडली. सासरे काहीच बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. हे गाणं ऐकायला शिकता येतं, की तसा कान जन्मतःच लागतो?
– एक जावई, कोल्हापूर

उत्तर : जावईबापू, घोरण्याचं मनावर घेऊ नका. मैफलीत झोपणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातले निम्मे ‘वाहवा’ म्हणायला बरोबर जागे होतात.

बिंदू चौकाजवळ एका बोळात माझं कॅसेटचं दुकान होतं, एकवीस वर्षं. एकदा बँकेत बदलून आलेले एक तमिळ साहेब कर्नाटक संगीताची कॅसेट घेऊन आले, कॉपी करून हवी होती. लावली, तर बाईंचा स्वर हिंदकळतोय. म्हटलं, डेक टेप ओढतोय. हेड स्पिरिटनं पुसलं, रबरी पट्टा नवा घातला. तरी तेच. संध्याकाळी साहेबांना सांगितलं, तुमची टेपच खराब आहे. ते हसायला लागले. म्हणाले, हा गमक. आमच्याकडं काही रागांत काही स्वर असेच झुलवायचे असतात, सरळ उभे केले तर राग बिघडतो.

मग स्टुलावर बसून त्यांनी मांडीवर हात धरला. एक टाळी, मग करंगळी, तिच्या शेजारचं बोट, मधलं बोट. पुन्हा टाळी, हात उताणा, टाळी, हात उताणा. आठ मात्रा, आदिताल. मीही धरला. दोनदा चुकलो, बोटं राहून गेली. चौथ्या-पाचव्या आवर्तनात मात्र तेच हिंदकळणं हातात बसल्यागत वाटायला लागलं. पट्ट्याचे पैसे गेले ते गेलेच.

आता तुमचं. हातोडीच्या एका ठोक्यात खणखणीत नग आणि बद्द नग वेगळा काढणारा माणूस मला कानाबद्दल विचारतो! ते काही तुम्ही आईच्या पोटातून शिकून आला नव्हता. कुणीतरी शेजारी उभं राहून ‘हे ऐक’ म्हणालं असेल. मैफलीत तेवढं कुणी म्हणालेलं नाही, सासऱ्यांना सुचलं नसेल.

म्हणून पहिल्या चार-पाच मैफली रागाचं नाव, चिजेचे शब्द, सगळं सोडा. नुसता डग्गा धरा, तबल्याच्या जोडीतला तो खर्जातला घुमणारा. तीनतालाच्या सोळा मात्रा. नववी ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात. दहाव्यापासून डग्ग्याचा घुमारा बंद होतो आणि चौदाव्याला परत येतो. घुमकं थांबून हलगी एकटीच तडतडते ना, तसं समजा. घुमारा परत आला की सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, तीन मात्रांवर आली. आता गाणाऱ्याकडं बघा : लांब कुठं तरी गेलेली तान वळवून तो समेवर कसा येतो. पुढच्या रांगेतल्या माना तिथंच हलतात. तुमची त्यांच्याआधी तयार असली पाहिजे.

आणि कोल्हापूरचं गाणं लयवाल्या माणसाला जवळचंच. अल्लादिया खाँसाहेब (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या दरबारी होते. तरुणपणी त्यांचा आवाज बिघडला, आणि त्या बिघडलेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीला घट्ट बांधलेली गायकी त्यांनी उभी केली. या जयपूर घराण्यात विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, बहुधा तीनतालात, तेही फार ढिलं नाही, ठोका हाताशी राहतो. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा घराण्यात एकेक स्वर सावकाश उघडत नेतात. तिथं ताल धरून बसाल तर परत घोराल. ते वर्षभरानं ऐका. घरी सुरुवात करायची तर अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी घ्या, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर अंतराळात गेली ती. अवघी साडेतीन मिनिटं, डोळा लागायच्या आत संपते.

सगळंच जमेल असं नाही. माझ्या मुलीनं हेडफोन घालून मेटल ऐकवलं. नुसता बास धरून दोन गाणी काढली, तिसऱ्याला डोकं धरलं. तिला तसं सांगितलं, तिनंही राग मानला नाही.

बाकी, सासऱ्यांनाही एकदा जोतिबाला न्या. हलगीला शेक देऊन ताणात कशी आणतात ते दाखवा. तबलजी तबला सुरात आणायला हातोडीनं गठ्ठे ठोकतो, तेच काम, हे त्यांना चटकन कळेल. मात्र ताफ्याच्या अगदी तोंडाशी उभं करू नका, वय झालंय.

आणि एक विचारायचं राहिलं. मैफलीला निघण्याआधी सासूबाई जेवायला वाढतात का? तांबडा-पांढरा ओरपून गादीला टेकलं तर मीसुद्धा झोपेन. जेवण परत आल्यावर ठेवा.