ओपन सोर्स परिषदेच्या सीएफपीला प्रतिसाद नाही, प्रसिद्धी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये पहिल्यांदाच ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणालाही पाहता, वापरता, बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरची दोन दिवसांची परिषद भरवताय. सीएफपी (‘कॉल फॉर प्रपोजल्स’, म्हणजे भाषणांचे प्रस्ताव पाठवा असं आवाहन) उघडून तीन आठवडे झाले, पोस्टर सगळीकडे फिरवलं, तरी मोजकेच प्रस्ताव आलेत आणि त्यातले बरेचसे कंपन्यांनी आपलं उत्पादन मिरवायला पाठवलेत. मग आणखी कुठे कुठे पोस्ट टाकावी?

माझं उत्तर : आणखी कुठेही नको. मी पुण्यातल्या परिषदांसाठी आलेले प्रस्ताव वाचण्याचं काम बरीच वर्षं करते आहे आणि माझं ठाम मत झालंय की चांगले प्रस्ताव पोस्टरने येत नाहीत, माणसाला नाव घेऊन विचारल्याने येतात. पोस्टर पाहून प्रस्ताव कोण पाठवतं? ज्याला बोलायची सवय आहे तो, किंवा ज्याला कंपनीने पाठवायला सांगितलंय तो. ज्या मुलीने गेलं वर्षभर एखाद्या प्रकल्पातले बग, म्हणजे कोडमधल्या चुका, निस्तरलेत, ती तेच पोस्टर वाचते, मैत्रिणीला पाठवते आणि ‘आपलं काय एवढं सांगण्यासारखं’ म्हणून पुढे जाते. लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली की आपण ‘बघू’ म्हणतो. कुणी घरी येऊन आवतण दिलं की जातोच.

याचा पुरावा आकड्यांतही आहे. अमेरिका आणि कॅनडात भरणाऱ्या पायकॉन या पायथन प्रोग्रामिंग भाषेच्या परिषदेत २०११ साली स्त्रियांनी दिलेली भाषणं जेमतेम १ टक्का होती. २०१२ मध्ये ती ७ टक्के झाली, २०१३ मध्ये १५ आणि २०१४ मध्ये ३३. हे आकडे तिथे वक्त्यांमध्ये विविधता आणण्याची जबाबदारी घेतलेल्या जेसिका मॅकेलर यांनीच जाहीर केले. तीन वर्षांत पायथन लिहिणाऱ्या बायका काही तीसपट झाल्या नव्हत्या. आयोजकांनी एकेकीला स्वतःहून लिहिलं, प्रस्ताव पाठवायचा धीर दिला, हा खरा फरक. बर्लिनच्या जेएसकॉन ईयू या जावास्क्रिप्ट परिषदेने २०१२ साली प्रस्ताव निवडताना नावं झाकून ठेवली, पण त्याआधी स्त्रियांना आवर्जून गळ घातली होती. त्या वर्षी वक्त्यांमध्ये २५ टक्के स्त्रिया होत्या. नुसती नावं झाकून हे साधलं नसतं. जो प्रस्ताव आलाच नाही, तो निवडणार कसा? स्त्रियांचं उदाहरण दिलं, कारण तिथे कुणीतरी मोजून ठेवलंय. इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाचंही तेच आहे.

तेव्हा आज संध्याकाळी सगळे एकत्र बसा आणि नावांची यादी करा. तुम्ही रोज वापरता त्या प्रकल्पांची कमिट हिस्टरी (कोडमध्ये कुणी कधी काय बदललं याची नोंद) उघडा, बगवरच्या चर्चांचे धागे वाचा. तिथे आपल्याकडची माणसं सापडतात. जुन्या परिषदांची कार्यक्रमपत्रकं चाळा: २०११ मध्ये पायकॉन इंडिया पुण्यात झाली होती, २०१६ मध्ये ड्रुपल या वेबसाइट बनवायच्या प्रणालीची परिषद, ड्रुपलकॉन एशिया, मुंबईत आयआयटी बॉम्बेमध्ये. त्यात बोललेले लोक आज इतरांची नावं सुचवू शकतील आणि बहुतेक जण आनंदाने सुचवतात.

यादीत फक्त प्रोग्रामर घेऊ नका. हे मी कळकळीने सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त माणसं निसटतात. कॉलेजचं ग्रंथालय कोहावर नेणारे ग्रंथपाल घ्या. कोहा ही न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली मुक्त प्रणाली, आज आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत चालते. पण जुन्या रजिस्टरांतला मजकूर त्यात भरताना काय काय अडलं, हे कुणी त्यांना विचारलेलंच नसतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरवर पाणलोटाचे नकाशे करणारे, ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून केलेल्या मुक्त नकाशावर आपल्या गावाच्या वाटा काढणारे, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसचं मराठी भाषांतर करणारे, मराठी विकिपीडियासाठी बॉट (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम) लिहिणारे यांना घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेने मुक्ता आणि बलू हे फाँट मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येतील असे, दिलेत. देवनागरीची जोडाक्षरं बसवण्याचं काम कसं चालतं हे एखाद्या फाँट करणाऱ्याकडून ऐकायला मी स्वतः नाशिकला येईन. यांच्यापैकी बहुतेकांच्या मनातही येत नाही की ओपन सोर्सची परिषद आपलीही आहे.

निरोप छोटा ठेवा, पण त्या माणसाचं काम तुम्ही खरोखर पाहिलंय हे त्यात दिसू द्या. साधारण असा: ‘नमस्कार मॅडम, तुमच्या ग्रंथालयात कोहा बसवल्याचं कळलं. जुनी नोंदवही त्यात कशी आणली, यावर पंचवीस मिनिटं बोलाल का? मराठीत चालेल. प्रस्ताव म्हणजे दोन परिच्छेद, लिहायला मी मदत करतो. रविवारी फोन करू का?’ एक मात्र यात लिहायला विसरू नका की निवड समिती करते, विचारलं म्हणजे जागा पक्की असं नाही. नाहीतर पुढे मनं दुखावतात.

आता मूळ आवाहनाकडे. तुम्ही दिलेला मजकूर वाचला. ‘नवोन्मेषी विचारांचं व्यासपीठ’ वगैरे सगळं आहे, पण सेशन किती मिनिटांचं हेच नाही. ब्रसेल्सच्या फॉसडेम या ओपन सोर्स परिषदेकडून शिका. हजारो माणसं येतात, प्रवेश फुकट, नोंदणीसुद्धा नाही. पण तिथल्या आवाहनांत कोरडी आणि कामाची माहिती ठासून भरलेली असते: दिनांक, जागा, कोणते विषय चालतील, भाषणाला किती वेळ आणि प्रश्नांना किती, भाषणाचं चित्रीकरण होऊन ते मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होईल, प्रस्ताव कुठे भरायचा, शेवटची तारीख, निकालाची तारीख. यात तुम्ही आणखी तीन गोष्टी घाला. मराठी आणि हिंदीत बोललेलं चालेल का. पहिल्यांदाच बोलणाऱ्यांसाठी जागा राखली आहे का. आणि प्रवासाचा, राहण्याचा खर्च कोण करणार. देता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. गडचिरोलीहून यायचं की नाही हे माणूस त्यावरच ठरवतो.

जाहिरातबाजीवर साधा उपाय आहे. फॉर्ममध्ये दोन रकाने सक्तीचे करा: सॉफ्टवेअरचा परवाना कोणता आणि कोड कुठे पाहायला मिळेल. कोडच दाखवता येत नसेल, तर तो प्रस्ताव प्रायोजकांच्या दालनात पाठवा. भाषांतर किंवा नकाशाच्या कामात ज्या प्रकल्पासाठी ते केलं त्याचा दुवा पुरतो.

फॉसडेमची आणखी एक पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे विषयवार खोल्या असतात, त्यांना डेव्हरूम म्हणतात, आणि बहुतेक खोल्या आपापली सीएफपी स्वतःच काढतात, स्वतःच फिरवतात. डेटाबेसवाल्यांना डेटाबेसवालाच बोलावतो. तुमच्याकडे चार विषय असतील तर चार माणसं नेमा, आणि प्रत्येकाने आपल्या वर्तुळात आपल्या भाषेत सांगावं. परिषदेच्या खात्यावरच्या पोस्टपेक्षा याला वजन जास्त असतं. मुंबई-पुण्यातले फॉस युनायटेड या ओपन सोर्स संस्थेचे गट, कॉलेजांतले लिनक्स क्लब, टेलिग्रामवरचे भाषावार गट इथे त्या त्या विषयाच्या माणसानेच बोलावं.

एखाद्या शनिवारी ‘प्रस्ताव कसा लिहावा’ असं दोन तास ऑनलाइन बसा. गेल्या वर्षी कुठेतरी निवडले गेलेले दोन-तीन प्रस्ताव वक्त्यांच्या परवानगीने दाखवा. पायकॉन इंडियाच्या साइटवर प्रस्ताव सगळ्यांना वाचता येतात, तेही उघडून दाखवा. समोर बसलेल्याला कळतं की हे दीड पानाचं काम आहे, प्रबंध नाही.

आकड्यावरून घाबरू मात्र नका. प्रस्तावांचा लोंढा नेहमी शेवटच्या दोन-तीन दिवसांत येतो, सगळीकडे हेच पाहिलंय. म्हणून शेवटची तारीख गणपतीत, दिवाळीत किंवा विद्यापीठाच्या परीक्षांत येऊ देऊ नका, आणि आठवण दोनदा करा: आठवडा राहिला असताना आणि आदल्या दिवशी. मुदत वाढवायचीच असेल तर एकदाच वाढवा. दर वेळी वाढते असं दिसलं की पुढच्या वर्षी तुमच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ज्यांनी रात्र जागून वेळेत पाठवलं त्यांच्यावर तो अन्याय होतो.

निकाल सांगितलेल्या दिवशीच कळवा. ज्यांना नकार जाईल त्यांना का, हे दोन ओळींत लिहा, आणि पाच मिनिटांच्या लाइटनिंग टॉकसाठी आधी त्यांनाच विचारा.