ईगल्स ‘फार गुळगुळीत’ आहेत, या आक्षेपाबद्दल

तुझा प्रश्न वाचला आणि त्याखाली पेटलेला वादही. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कर्वेनगरच्या फ्लॅटवर तू आणि तुझा रूममेट रोज रात्री ईगल्स या अमेरिकन रॉक बँडवरून भांडता. तू म्हणतोस, यांच्याइतकं नेटकं कोणी वाजवलं नाही. तो म्हणतो, नेटकं आहे हीच तर अडचण. फार गुळगुळीत, यांच्यात धग नाही, हे रॉक नाही, लिफ्टमध्ये लावायचं संगीत आहे, पन्नास वर्षं तीच गाणी जशीच्या तशी वाजवतात, आणि मूळच्या चौघांतला आता एकच उरलाय. त्याला काय उत्तर द्यावं, असं तू विचारलंस.

मी १९८७ पासून हा बँड ऐकतोय, बारा-तेरा वर्षं गिटारही वाजवली आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी माणसांचा हिशेब, कारण तो लवकर मिटतो. १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये ग्लेन फ्राय, डॉन हेन्ली, बर्नी लेडन आणि रँडी माइस्नर यांनी बँड सुरू केला. लेडन १९७५ मध्येच बाहेर पडला, फ्राय २०१६ साली गेला, माइस्नर २०२३ मध्ये. म्हणजे मूळचा एकटा हेन्ली, हे बरोबर. पण जो वॉल्श १९७५ च्या अखेरीस आला आणि टिमथी श्मिट १९७७ मध्ये. या दोघांना ‘नंतरचे’ म्हणणं म्हणजे पन्नास वर्षं घरात नांदलेल्या सुनेला पाहुणी म्हणण्यासारखं आहे. फ्रायच्या जागी त्याचा मुलगा डीकन आणि कंट्री संगीतातला मोठा गायक विन्स गिल २०१७ मध्ये आले. एवढं पुरे.

खरा मुद्दा सफाईचा. तुझ्या मित्राला ती सहज मिळालेली वाटते, मशीनमधून काढल्यासारखी. मलाही कॉलेजात असताना तसंच वाटायचं. ते मत बदललं ते शनिवार पेठेतल्या एका वाड्यात.

तिथल्या माडीवरच्या खोलीत आम्ही प्रॅक्टिस करायचो. दोन गिवसन गिटार, एक उसना बेस, ड्रमच्या जागी बोंगो. ईगल्सची कॅसेट, तीही कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली. गिटारचे तुकडे हळूहळू बसले. अडलो ते गाण्यात. एकेकटे बरे गायचो, पण तिघांनी एकत्र तोंड उघडलं की गलका. ज्याच्या घरी जमायचो त्याची आई गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. एका संध्याकाळी काकू खालून पेटी घेऊन वर आल्या. म्हणाल्या, “लावा बघू ती कॅसेट.” दोनदा ऐकली, डोळे मिटून. मग एकाला षड्ज दिला, एकाला गंधार, मला पंचम. “शेजारच्याचा सूर ऐकू येईल एवढ्याच आवाजात गा. कुणी पुढे घुसायचं नाही.” पंधरा-वीस मिनिटं आम्ही नुसता आकार लावून उभे होतो. गंधारवाला सारखा पेटीकडे बघून सूर लावत होता. काकूंनी भाता सोडून दिला आणि त्याला म्हणाल्या, “पेटीचा गंधार किंचित चढा असतो. तो सोड. या दोघांच्या मध्ये तुझी जागा आहे, ती शोध.”

त्याने सूर जरासा खाली घेतला आणि खोलीत काहीतरी घडलं. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो अनुभव तुला असेल तर कळेल. तिघांच्या आवाजातून चौथाच एक आवाज उठला. अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चार-पाच आठवडे रोज घोटल्यावर दहातल्या सहा वेळा यायला लागला. आमच्या सगळ्या खटपटीतलं ते सर्वांत चांगलं यश.

आता १९८० च्या लाइव्ह अल्बममधलं ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ लाव. गाणं स्टीव्ह यंगचं, पण ईगल्सनी ते आपलं करून टाकलं. सुरुवातीला वाद्य जवळजवळ नाहीच, पाच आवाज एकदम येतात. कार्यक्रमाआधी हे लोक स्टेडियमच्या शॉवर रूममध्ये उभे राहून हेच गाणं गायचे, कारण फरश्यांमुळे तिथे आवाज छान घुमतो आणि कोण कुठे हलतोय ते लगेच कळतं. पाच जणांचं असं जुळणं किती अवघड, हे ज्याने तीन जणांचं जुळवायचा प्रयत्न केलाय त्यालाच समजतं.

गंमत म्हणजे तुझ्या मित्राचा आक्षेप त्यांच्या पहिल्या निर्मात्यानेच घेतला होता. ग्लिन जॉन्सने त्याआधी रोलिंग स्टोन्स, द हू, लेड झेपेलिन यांच्याबरोबर काम केलेलं. त्याने ईगल्सना क्लबमध्ये ऐकलं आणि नकार दिला. रॉक अँड रोल बँड म्हणून त्याला ते पटलेच नाहीत. पुढे तालमीत त्यांना नुसत्या अकूस्टिक गिटारवर एकत्र गाताना ऐकलं आणि तो बदलला. १९७२ चा पहिला अल्बम त्याने लंडनमध्ये केला. म्हणून मित्राला सांग: तू या बँडमध्ये गिटारचा धुरळा शोधतोयस, यांचा जीव गळ्यात आहे.

गिटारबद्दलही बोलतो, कारण ‘हॉटेल कॅलिफोर्निया’शिवाय हा वाद संपणार नाही. पुण्यात गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाकडे त्या गाण्याची कधी ना कधी फर्माइश झालेली आहे, आणि त्यामुळेच ते कुणी नीट ऐकत नाही.

बँडचा गिटारवादक डॉन फेल्डर याने मालिबूच्या समुद्रकाठी भाड्याच्या घरात एका साध्या चार ट्रॅकच्या मशीनवर त्याची चाल टेप केली. बारा तारांची गिटार. शेवटचे गिटारचे तुकडेही त्याने तिथेच, त्या वेळी सुचले तसे वाजवून ठेवले. पुढे मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसल्यावर फेल्डर आणि वॉल्श नव्याने काहीतरी जुळवायला लागले. हेन्लीने थांबवलं: डेमोत, म्हणजे त्या घरच्या कच्च्या टेपमध्ये, आहे तसंच हवं. कॅसेट तर कॅलिफोर्नियात, घरी. फेल्डरने घरकाम करणाऱ्या बाईंना फोन लावला, त्यांनी कॅसेट शोधून वाजवली, रिसीव्हर स्पीकरला लावून धरला, आणि इकडे मायामीत फेल्डरने ते टेप करून पुन्हा शिकून घेतलं. आपलंच वाजवलेलं. निर्माता बिल सिम्झिकच्या सांगण्याप्रमाणे गाण्याच्या अंतिम टेपमध्ये ३३ जोड होते. टेप ब्लेडने कापून, वेगवेगळ्या वेळच्या वाजवण्यातले उत्तम तुकडे चिकटवलेले.

तुझा मित्र म्हणेल, बघ, उत्स्फूर्तपणा मारला. मला यात नेमकं उलटं दिसतं. समुद्रकाठच्या त्या खोलीत उत्स्फूर्तपणे जे आलं होतं, ते हेन्लीच्या कानाने ओळखलं आणि हातातून निसटू दिलं नाही. सफाई म्हणजे माझ्या लेखी हेच: एकदा खरं सापडलेलं पुन्हा पुन्हा तितकंच खरं मांडायची जबाबदारी. बंदिश घोटून घेणाऱ्या गुरूला आपण कोरडा म्हणत नाही. गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांच्या तालमी चालतात तिथे जाऊन उभा राहा. चाळीस ढोलांचा टोल एकदम पडला की छातीत धडकी भरते. दोन ढोल मागे पडले की तोच टोल फुसका होतो.

आणि त्या शेवटाची बांधणी तरी बघ. आठ कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या आठ गटांचं, आवर्तन फिरत राहतं. आधी फेल्डर, मग वॉल्श, सवाल-जवाब चालतात; फेल्डरचा सूर रेशमी, वॉल्शचा खरखरीत. मग दोघं एकत्र येतात आणि प्रत्येक कॉर्डचे सूर सुटे करून, एकमेकांपासून तिसऱ्या सुरावर राहून, सोबत उतरत जातात. खाली आवर्तन तेच असल्यामुळे कान पुढचा कॉर्ड आधीच ओळखतो, आणि तो आला की समेवर आल्यासारखं समाधान मिळतं. साडेसहा मिनिटांचं गाणं रेडिओसाठी छोटं करा असा कंपनीचा आग्रह होता, तो यांनी मानला नाही. बरं केलं.

‘यांच्यात धग नाही’ हे वाक्य मला सर्वांत खटकलं. ३१ जुलै १९८० ला लाँग बीचच्या कार्यक्रमात फ्राय आणि फेल्डर स्टेजवर गाण्यांच्या मधल्या वेळात एकमेकांना मारायच्या धमक्या देत होते, आणखी किती गाणी उरली ते मोजत. आणि त्याच वेळी श्रोत्यांच्या कानावर ‘बेस्ट ऑफ माय लव्ह’ पडत होतं, सुरात. बँड त्यानंतर १४ वर्षं फुटलेला राहिला. ही माणसं शांत, गुळगुळीत स्वभावाची नव्हती. आतून जळत असताना सूर न हलू देणं याला मी धगच म्हणतो.

आता तुझ्या मित्राच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण सफाईची किंमत असते आणि ईगल्सनी ती माणसांच्या रूपात मोजली. ‘टेक इट टू द लिमिट’च्या शेवटी रँडी माइस्नर फार उंच सूर लावायचा. लोक त्यासाठीच यायचे. रोज रात्री तोच सूर, तसाच. १९७७ च्या दौऱ्यात नॉक्सव्हिलला त्याने ते गाणं गायला नकार दिला, फ्रायशी हातघाई झाली, आणि काही महिन्यांत तो बँडमधून गेला. गळा लाजाळू माणसाचा होता, आणि त्याच्याकडून घड्याळासारखी अपेक्षा केली. हे मला आजही बोचतं. बाकीच्यांनी तो दौरा तरी ते गाणं बाजूला ठेवायला हवं होतं.

दुसरं, १९८० चा तो लाइव्ह अल्बम. बँड फुटल्यावर तो पूर्ण करायचा होता आणि फ्राय बाकीच्यांबरोबर एका खोलीत बसायला तयार नव्हता. तो लॉस एंजेलिसमध्ये, इतर मायामीत. टेप कुरिअरने इकडून तिकडे गेल्या आणि एकत्र गायलेल्या जागा दुरुस्त झाल्या. लाइव्ह म्हणून विकलेल्या तबकडीत हे करणं मला पटत नाही. चार सूर हलले असते तर काय बिघडत होतं? डीप पर्पलने १९७२ मध्ये जपानमध्ये केलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग बघ, तिथे गाणी ताणली जातात, वाट चुकतात, परत येतात, आणि म्हणूनच ती ऐकावीशी वाटतात. मित्राला ते आवडत असेल तर त्याचा कान चांगला आहे.

१९७९ चा अल्बमही मला दमलेला वाटतो. श्मिटने गायलेलं एक गाणं सोडलं तर त्यात घोटणं उरलंय, सापडलेलं फार थोडं. २००७ चा दोन सीडींचा अल्बम २० गाण्यांचा आहे, दहा-बारा गाण्यांत आटोपला असता तर उत्तम झाला असता.

पण ‘पन्नास वर्षं जशीच्या तशी’ हे चूकच. १९९४ मध्ये पुन्हा एकत्र आल्यावर त्यांनी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची सुरुवात नायलॉनच्या तारांवर, स्पॅनिश ढंगात, खाली कोंगाचा ठेका ठेवून नव्याने बांधली. तपकीर गल्लीत स्पीकर घ्यायला गेलो की दुकानदार हमखास तीच सीडी लावायचा. सुरुवातीच्या त्या खोल ठोक्याने काउंटरवरची काच थरथरायची, गल्लीतून जाणारे लोक थांबून आत डोकावायचे. प्रेक्षकांनाही सुरुवातीला गाणं ओळखू येत नाही. ओळखलं की एकदम आरोळी उठते, ती रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. नेटकेपणा तोच आणि गाणं नवं.

तेव्हा आज रात्री भांडू नका, एक करा. हेडफोन बाजूला ठेवा, चांगल्या स्पीकरवर आधी ‘सेव्हन ब्रिजेस रोड’ लावा. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा सर्वांत वरचा आवाज सोडून मधला एक आवाज पकडा आणि शेवटपर्यंत त्याच्याच मागे जा; तो कुठेही मिरवत नाही, पण तो काढला तर सगळं कोसळेल. मग वॉल्शची खरखर ऐकायला ‘लाइफ इन द फास्ट लेन’. त्याची सुरुवात वॉल्शच्या बोटं मोकळी करायच्या व्यायामातून आलेली आहे, आणि ते गाणं कुठल्याही लिफ्टमध्ये मावणार नाही.

आणि जमलं तर दोघं मिळून एकदा गाऊन बघा. तिसरा आवाज लागला तर कळव, रविवारी सकाळी मी घरी असतो. पंचम अजून लागतो.