स्फोट झाला म्हणे, दुर्बीण कुठे लावू?

मोबाईलवर गॅमा किरण स्फोटांचे, म्हणजे दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक लखलखाटांचे, अलर्ट येऊ लागल्यापासून या सदराकडे येणारी निम्मी पत्रं एकाच गोंधळाची असतात: स्फोट ‘दिसला’ म्हणजे काय आणि तो ‘कुठे’ आहे हे कळतं कसं. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा निवडक पत्रांना इथे एकदाच उत्तरं देतो.

गॅमा किरण स्फोट नुसत्या डोळ्यांनी दिसतो का? (सिडको)

नाही. गॅमा किरण वातावरणात अडतात, म्हणून ते टिपायला उपग्रह लागतात. जमिनीवरून दिसतो तो स्फोटानंतर मागे उरणारा, झपाट्याने मंदावणारा उजेड, म्हणजे आफ्टरग्लो. आणि त्यालाही दुर्बीण व कॅमेरा हवाच. अपवाद म्हणून १९ मार्च २००८ चा जीआरबी ०८०३१९बी सांगतात (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट, पुढे तारीख). त्याचा दृश्य प्रकाश थोडा वेळ ५.३ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा लहान तितकं तेज जास्त) चढला होता, म्हणजे अंधाऱ्या जागेवरून डोळ्यांनाही दिसला असता. तेव्हा आपल्याकडे सकाळचे पावणेबारा वाजत होते.

आमच्याकडे कांद्याला आणि आंब्याला गॅमा किरण देतात. स्फोटातले किरण तेच का? (लासलगाव)

जात तीच. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० वापरतात. त्याच्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. फर्मी उपग्रहावरचं स्फोट टिपणारं उपकरण ८ हजारांपासून ४ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचं मोजतं, म्हणजे तुमचा कोबाल्ट त्याच पट्ट्यात बसतो. विकिरण केलेला कांदा किरणोत्सारी होतो का, हेही तुम्ही विचारलंय. होत नाही. बाकी शंका केंद्रातल्या माणसांना विचारा, त्यांचं ते रोजचं काम आहे.

तुमच्या प्रश्नातून एक कामाची गोष्ट मात्र निघते. जे किरण कांद्याच्या गोणीतून आरपार जातात, ते दुर्बिणीच्या आरशावरून परततील कसे? त्यांची साध्या भिंगा-आरशाने प्रतिमा करता येत नाही, म्हणून दिशा आडवाटेने काढावी लागते. फर्मीवर सोडियम आयोडाइडचे १२ शोधक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेत. कुणावर किती मारा झाला याच्या तुलनेतून दिशेचा अंदाज निघतो. स्विफ्ट या दुसऱ्या उपग्रहावर शिशाच्या हजारो छोट्या तुकड्यांची जाळी आहे आणि तिची सावली शोधकांवर कशी पडली यावरून जागा काढतात. तिसरी रीत वेळेची: एकच स्फोट दूरदूरच्या यानांना किती फरकाने कळला, हे पाहून आकाशात एक पट्टा आखायचा. तीन रीतींची अचूकता तीन तऱ्हांची. हे लक्षात ठेवा, पुढच्या एका पत्रात लागेल.

आज रात्री १२.३० ते ३.३० वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद ठेवा, असा नासाचा मेसेज आलाय. (पंचवटी)

नासाने असं काही पाठवलेलं नाही. हाच मेसेज वर्षानुवर्षं तीच वेळ घेऊन फिरतोय. पुढे पाठवू नका.

२०२२ चा सगळ्यात तेजस्वी स्फोट नेमका नाशिकच्या डोक्यावर झाला, असं आमच्या ग्रुपवर आलं होतं. फेकाफेकच ना? (गंगापूर रोड)

फॉरवर्डला मी सहसा उत्तर देत नाही, पण हा अर्धा खरा निघाला. जीआरबी २२१००९ए चे गॅमा किरण ९ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्या घड्याळाने संध्याकाळी ६.४७ ला फर्मीवर आदळले. स्फोटाची जागा बाण तारकासमूहात, क्रांती (आकाशातला अक्षांश) जवळजवळ २० अंश उत्तर. नाशिकचा अक्षांशही २०. त्या वेळी ही जागा आपल्या मध्यमंडलाला (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेला) लागूनच होती. हिशोब मी करून पाहिला: खमध्यापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, दोन-अडीच अंश. कोजागरी होती त्या दिवशी, पूर्वेला चंद्र वर येत होता आणि संधिप्रकाश पुरता गेलेला नव्हता.

आता खोटा अर्धा. डोक्यावर होती ती दिशा. प्रकाश निघाला सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी. आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) ढवळलं हे खरं, ते उपकरणांनी नोंदवलं. पण त्यामुळे कुणाची द्राक्षं तडकली नाहीत. (निफाडहून तसं विचारणारं एक पत्र खरंच आलंय. त्यांनी कृषी अधिकाऱ्यांना बाग दाखवावी.)

आणखी एक. त्या संध्याकाळी स्विफ्टला ही जागा ७.४० ला, म्हणजे जवळपास तासाभराने दिसली. ती आपल्याच आकाशगंगेच्या पट्ट्यालगत असल्याने सुरुवातीला आकाशगंगेतलाच एखादा क्षणिक स्रोत समजली गेली. फर्मीच्या स्फोटाशी सांगड नंतर बसली. पहिला अलर्ट हा शेवटचा शब्द नसतो.

फर्मीचा अलर्ट आला. मी दिलेल्या विषुवांश-क्रांतीवर ८ इंची दुर्बीण लावून फोटो घेतला. त्यात नकाशात नसलेला एक ठिपका सापडला! इन्स्टावर टाकला, खूप लाइक्स मिळाले. तीन आठवडे झाले, आता याची अधिकृत नोंद कशी करू? (कॉलेज रोड)

ही चूक इतक्या जणांकडून येते की जरा सविस्तर बोलतो.

पहिलं म्हणजे जागा. अलर्टमध्ये विषुवांश-क्रांतीच्या (आकाशातल्या रेखांश-अक्षांशाच्या) खाली आणखी एक ओळ असते: त्रुटीची त्रिज्या. ती तुम्ही वाचली नाहीत. फर्मीने ५ अंश लिहिले, तर तुमचा स्रोत १० अंश रुंदीच्या वर्तुळात असण्याची शक्यता आहे. त्या वर्तुळात पौर्णिमेचे ४०० चंद्र मावतील. तोही निव्वळ सांख्यिकी आकडा. उपकरणाची स्वतःची अंशा-अंशांची चूक वेगळी. तुमच्या कॅमेऱ्यात चंद्राएवढा, फार तर दोन चंद्रांएवढा तुकडा येतो. फर्मी ‘नाशिक जिल्हा’ एवढाच पत्ता देतो, स्विफ्टची जाळी ‘पंचवटी’पर्यंत आणते आणि स्विफ्टची क्ष-किरण दुर्बीण दारावरची पाटी वाचते. जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर जाऊन जो पहिला माणूस भेटेल तो आपलाच पाहुणा, असं म्हणायचं का? आकड्यांत सांगायचं तर स्विफ्टची पहिली त्रिज्या ३ आर्क मिनिटांच्या आसपास, क्ष-किरणांची काही आर्क सेकंद (अंशाचा साठावा भाग म्हणजे आर्क मिनिट, त्याचा साठावा आर्क सेकंद). छोट्या दुर्बीणवाल्याने फर्मीच्या एकट्या अलर्टमागे धावू नये. स्विफ्टचा, किंवा २०२४ मध्ये गेलेल्या आइनस्टाइन प्रोब आणि स्वोम या उपग्रहांचा अलर्ट आला तर उठावं.

दुसरं, ठिपका. ‘नकाशात नाही’ म्हणजे कोणत्या नकाशात? मोबाईलच्या ॲपमध्ये १७ व्या प्रतीचा तारा नसतोच. तुमच्या फोटोएवढं किंवा त्याहून खोल जाणारं जुनं सर्वेक्षण काढा. डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे आणि पॅन-स्टार्स दोन्ही फुकट बघता येतात. ‘अलादिन’ या प्रणालीत आपला फोटो त्यांच्यावर ठेवून डोळ्यांनी तपासता येतो. मग लघुग्रह. मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर वेळ आणि जागा टाकली की तिथून तेव्हा कोण जात होतं ते कळतं. क्रांतिवृत्ताजवळ, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वाटेजवळ, तर हे केल्याशिवाय तोंड उघडू नये. मग कॅमेऱ्याचा तापलेला पिक्सेल, वैश्विक किरणाचा ओरखडा, उपग्रहाची चमक. तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात तुमचा ‘तारा’ दीड पिक्सेलचा आहे आणि शेजारचे सगळे तारे चार-पाच पिक्सेल पसरलेले आहेत. खरा प्रकाश दुर्बिणीतून येताना शेजाऱ्यांसारखाच पसरतो. बाकी सोडा, एवढं तरी पाहायचं होतं.

यात फक्त हौशी लोक फसतात असं नाही. १९८० च्या दशकात ययाती तारकासमूहात दिसलेल्या लखलखाटांची चर्चा गॅमा स्फोटांशी जोडून झाली. तपासाअंती त्या उपग्रहांवरून परावर्तित झालेल्या चमका असल्याचं दाखवलं गेलं. २०२० मध्ये विश्वाच्या अगदी कडेच्या एका दीर्घिकेत स्फोटाची चमक दिसल्याचा दावा झाला, तर इतरांनी तिथून त्याच वेळी जाणारा रॉकेटचा निकामी टप्पा दाखवून दिला. व्यावसायिकांची ही गत, तर एका फोटोच्या जोरावर आपण किती बोलायचं?

म्हणून एक फोटो म्हणजे शून्य फोटो. लगेच दुसरा घ्या, दुर्बीण किंचित सरकवून, म्हणजे पिक्सेलची खोड उघडी पडते. तासाभराने तिसरा. आफ्टरग्लो साधारण काळाच्या प्रमाणात मंदावतो: दहापट वेळ गेला की उजेड दहाव्या हिश्शावर, म्हणजे अडीच प्रतींनी कमी. दहाव्या मिनिटाला १६ व्या प्रतीचा असलेला ठिपका १०० मिनिटांनी १८.५ च्या आसपास उतरतो. तुमचा तासाभरानेही तेवढाच ठळक असेल तर तो आफ्टरग्लो असण्याची शक्यता कमी. आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या दुर्बिणीवाल्यांनाही घाम फुटतो, यावरून तुमच्या तीन आठवड्यांचं काय ते समजा. १९९७ पर्यंत एकही दृश्य आफ्टरग्लो सापडला नव्हता, त्याचं मोठं कारण हेच: नेमकी जागा हाती येईपर्यंत उजेड संपलेला असायचा. बेप्पोसॅक्स उपग्रहाने काही तासांत नेमकी जागा दिली आणि २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाचा मंदावणारा ठिपका सापडला. पुढे स्विफ्ट मिनिटा-दीड मिनिटात स्वतः तिकडे वळू लागला. एवढ्या घाईने मिळालेली जागा इन्स्टाच्या फिल्टरमध्ये घालवायची?

नोंदीचं विचाराल तर आता करू नका. कॅमेऱ्याची मूळ फिट्स फाइल (मोजमापासाठीचा कच्चा फोटो) जपून ठेवा, जेपेग नव्हे, आणि खगोल मंडळातल्या मापन येणाऱ्या माणसाला दाखवा. पुढच्या वेळी त्याच रात्री दाखवा. हौशी माणसाच्या हाती काही लागतच नाही असं समजू नका. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बेर्टो मोनार्ड यांनी १२ इंची दुर्बिणीने जीआरबी ०३०७२५ चा आफ्टरग्लो शोधला होता.

स्विफ्टने दिलेली जागा टाकली तरी वर्तुळ माझ्या फोटोत कडेला जातं. माउंट बिघडलंय का? (सिन्नर)

बहुधा नाही. जुन्या पद्धतीच्या मजकुरी अलर्टमध्ये एकाच जागेचे तीन आकडे एकाखाली एक छापलेले असतात: २००० सालचा, चालू आणि १९५० चा. तुमचं माउंट (दुर्बीण वळवणारा आधार) ‘चालू’ मागत असेल आणि तुम्ही २००० चा दिला असेल, तर परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे, आज सुमारे २० आर्क मिनिटांपर्यंत फरक पडतो. स्विफ्टच्या वर्तुळापेक्षा हा कितीतरी मोठा. विषुवांश अंशांत आहे की तासांत, तेही बघा. फोटो प्लेट-सॉल्व्ह करून, म्हणजे त्यातले तारे संगणकाकडून ओळखून घेऊन, दुर्बीण खरंच कुठे बघत होती ते काढा, आणि मगच मेकॅनिककडे जा. जाता जाता लॅपटॉपची वेळही तपासा. फाइलमध्ये भारतीय वेळ जागतिक वेळ म्हणून लिहिली जाण्याचा घोळ नेहमीचा आहे, त्यात साडेपाच तास जातात.

दुकानदार ‘५२५ पट’ दाखवणारी दुर्बीण घ्या म्हणतो. आफ्टरग्लो दिसेल ना? (सातपूर)

खोक्यावर पटींचा आकडा मोठा छापला असेल तर तिथेच परत ठेवा. या कामात पटींना काडीची किंमत नाही. आरशाचा व्यास, ताऱ्यामागे न थरथरता फिरणारं माउंट आणि थंड ठेवलेला कॅमेरा बघायचा. हल्लीच्या छोट्या स्मार्ट दुर्बिणी तेजोमेघांना छान, पण ५० मिलिमीटरच्या भिंगाने मंद आफ्टरग्लोमागे लागणं अवघड. ‘प्रदूषण रोखणारे’ फिल्टर गळ्यात मारतील, तेही नकोत. आफ्टरग्लोचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, फिल्टर तोच कापतो. पैसे देण्याआधी ज्याच्याकडे तशी दुर्बीण आहे त्याच्याबरोबर एक रात्र काढा.

अंजनेरीवर रात्री दुर्बीण नेली तर चालेल का? (त्र्यंबक)

वन विभागाला विचारा. तो संवर्धन राखीव भाग आहे, परस्पर जाऊ नका. अंधार हरसूल, पेठ, सुरगाण्याकडे जास्त चांगला मिळेल. शहराचा उजेड तिथवर कमी पोचतो. तिथेही एकट्याने जाऊ नये, गावात सांगून जावं. नाशिक जिल्ह्यात रात्री उघड्यावर बसणाऱ्याने गॅमा किरणांपेक्षा बिबट्याची काळजी करावी.

एक ॲप वर्षाचे पैसे घेऊन ‘सर्वात आधी’ अलर्ट देतं. घ्यावं का? (इंदिरानगर)

नको. नासाचं जीसीएन जाळं हेच अलर्ट फुकट देतं, आणि ॲपवालाही तिथूनच उचलतो.

स्विफ्टच्या जागेवर अर्ध्या तासात पोचलो, काहीच सापडलं नाही. मेहनत वाया? (ओझर)

नाही. ‘अमुक वेळेला अमुक प्रतीपर्यंत काही नव्हतं’ हीही नोंद असते आणि तिचा उपयोग होतो. बऱ्याच स्फोटांचा आफ्टरग्लो दृश्य प्रकाशात सापडतच नाही. कधी त्यांच्या दीर्घिकेतली धूळ आड येते, कधी ते इतके दूर असतात की तो प्रकाश अवरक्तात सरकलेला असतो. तेव्हा मोठ्या दुर्बिणी आणि रेडिओ कामाला येतात. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीवरून स्फोटांचे रेडिओ आफ्टरग्लो अभ्यासतात. पुण्याला जाताना तुम्ही त्या फाट्यावरून कितीदा गेला असाल. तुमची मर्यादा किती प्रतीची, हे मात्र स्वतःच्या अंदाजाने लिहू नका. त्याच फोटोतल्या ओळखीच्या ताऱ्यांवरून काढा आणि पाठवण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या.

एक संस्था नवीन आफ्टरग्लोला माझ्या मुलीचं नाव देऊन प्रमाणपत्र देणार आहे. अर्धे पैसे भरलेत. बाकीचे भरू का? (नाशिक रोड)

भरू नका. स्फोटाचं नाव त्याच्या तारखेवरून पडतं, त्यात कुणाच्या मुलीचं किंवा माझंही नाव बसत नाही. पावती असेल तर ती घेऊन ग्राहक पंचायतीत जा. नसेल तर आधी वकिलांशी बोला.